ऐकू न आलेला क

आमच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना मुलं आरसेबाई म्हणत. कारण साधं होतं. त्यांच्या पर्समध्ये हातात मावेल एवढा आरसा असायचा आणि वर्षभरात तो प्रत्येक मुलाच्या तोंडासमोर शंभरदा तरी यायचा. आम्ही शिक्षिका त्यांना ताई म्हणायचो. वयाने मोठ्या होत्या, आणि कुणाला रागावायचं झालं तरी आधी खुर्ची पुढे करायच्या.

ताईंच्या वर्गात पहिले काही आठवडे फळ्यावर अक्षर उमटायचंच नाही. आधी आवाज, मग अक्षर, असा त्यांचा खाक्या. "ओठ मिटा. मिटलेल्या ओठांनीच गुणगुणा. काय आलं? म्म्म्. हा म. आता तेच ओठ फटकन उघडा. हा प." मग तळहात तोंडासमोर धरायला लावायच्या. "क म्हणा. आता ख म्हणा. हाताला वारा कधी लागला?" सगळा वर्ग एका आवाजात ओरडायचा, "ख ला!" क आणि ग मधला फरक गळ्याला बोटं लावून कळायचा. ग म्हणताना गळ्यात भुंगा गुणगुणतो, क म्हणताना तो झोपलेला असतो. ळ शिकवायचा दिवस तर बघण्यासारखा असे. जिभेचं टोक उलटं वळवून टाळ्याला कसं लावायचं ते दाखवण्यासाठी ताई आ वासून उभ्या, समोर अख्खा वर्ग आ वासून बसलेला, आणि नेमक्या त्याच वेळी एकदा आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तपासणीला आलेल्या साहेबांना घेऊन दारात. साहेबांनी बराच वेळ वर्गाकडे बघितलं आणि विचारलं, "दातांची तपासणी चालू आहे का?"

मी दुसरीचा वर्ग घेते. ताईंच्या हाताखालून निघालेली मुलं माझ्याकडे येत, त्यामुळे कित्येक वर्षं मला सगळं आयतं मिळत होतं. वेलांट्या-उकार मुलं चुकवायची, जोडाक्षराला अडखळायची, पण व्यंजन चुकत नसे. न ला न, ण ला ण. व्हरांड्यातून जाता जाता एखाद्या मुलाचा चुकलेला ण ताईंच्या कानाला खुपायचा आणि त्या मागे फिरून त्याला गाठायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणूनच त्या वर्षी मी चक्रावले. शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना पाट्या काढायला सांगितल्या आणि म्हटलं, "लिहा, गाय पाणी पिते." कुणी लिहिलं ‘काय पाणी बिते’, कुणी ‘गाय बाणी पिते’. वाटलं, सुट्टीत विसरली असतील. मग दुसरं वाक्य सांगितलं, "काकाने कप फोडला." पुढच्या बाकावरच्या एका मुलीने सगळ्यांत आधी पाटी वर केली. तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘ताताने तप फोडला.’

या मुलीला घरचे-दारचे सगळे भिंगरी म्हणत. एका जागी ठरायची नाही, आणि तिच्या पायांपेक्षा जीभ जास्त फिरायची. मी म्हटलं, "वाच बरं काय लिहिलंस ते." तिने खणखणीत आवाजात वाचलं, "ताताने तप फोडला." तिच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. जसं बोलत होती तसं लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं तसंच वाचलं. क तिच्या तोंडात त होता आणि ग होता द. स्वतःचं टोपणनावही ती भिंदरी असंच सांगायची.

वर्ग हसला. मी दटावलं, पण हसू काय, दटावल्याने दबतं आणि मधल्या सुट्टीत दुपटीने बाहेर येतं. अंगणात सगळ्यांनी तिला ताता म्हणायला सुरुवात केली. तिने एकाला चावा घेतला, एकीची वेणी ओढली, आणि मग हळूहळू ती गप्प होत गेली. आधी हात वर करणं थांबलं, मग विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं थांबलं. पुढे पुढे तहान लागली तरी पेला दाखवून खूण करायची.

एक दिवस तिची आई शाळेत आली. ती कपडे शिवायची, जुने दुरुस्त करून द्यायची. पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, बोटावर सुयांचे टोचे. म्हणाली, "बाई, पोरगी घरीसुद्धा बोलेनाशी झालीय. मान हलवते नुसती. पहिलीत असताना मी त्या बाईंना विचारलं होतं की हिचा क बोबडा येतो का. त्या म्हणाल्या, मला तर स्वच्छ ऐकू येतो. म्हटलं, बाई एवढ्या जाणत्या, आपल्यालाच भास होत असेल."

ताईंना हा त ऐकू आला नसेल? वाऱ्यावरचा ण पकडणाऱ्या बाईला?

त्याच दुपारी मी त्यांच्या वर्गात गेले. मुलं बाहेर खेळत होती, ताई पाठमोऱ्या फळा पुसत होत्या. मी दारातून हाक मारली. पुन्हा मारली. फडकं फळ्यावर फिरतच राहिलं. तेव्हा एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जुळायला लागली. शिक्षकांच्या खोलीत त्या हल्ली खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे उजेड आमच्या चेहऱ्यावर पडे. विनोदाला सगळ्यांच्या मागून हसायच्या. आम्हाला वाटायचं, ताईंना आता गर्व झालाय, किंवा घरी काहीतरी बिनसलंय.

त्या वळल्या, मला बघून हसल्या. मी बाकावरची एक पाटी उचलली, तोंडासमोर धरली आणि म्हटलं, "ताई, तुमच्या बाहीला खडू लागलाय."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्या डोळ्यांकडे. बाहीकडे त्यांची नजर गेली नाही. मी कशासाठी आले आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्या मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या, गुडघे छातीशी आले तरी तशाच बसून राहिल्या.

"केव्हापासून?" पाटी खाली ठेवून मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. आवाज येतो गं. आ, ई, ओ सगळं येतं. मधली व्यंजनं खिळ्यांसारखी निखळलीत, गेल्या वर्षीपासून जास्तच. ओठ दिसले की जुळवून घेते." मग म्हणाल्या, "प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. आणि क तर दिसतच नाही. तो आत असतो."

"मग मुलं वाचतात तेव्हा?"

"धडा मला पाठ असतो. तिथे काय असायला हवं ते माहीत असतं, आणि तेच मला ऐकू येतं."

मी त्यांना भिंगरीचं सांगितलं. सगळं, तिच्या आईने जे विचारलं होतं तेही. त्यांनी माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ती तावळा वाचायची, मी कावळा ऐकायचे."

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत घरी गेले. ताईंचे यजमान सुतार. घराच्या पुढच्या पडवीतच त्यांचं काम चाले. दारात भुसा, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, सरसाचा वास. तीसएक वर्षं या माणसाच्या ओठांवर झुबकेदार मिशी होती, आणि मागच्या वर्षी अचानक ती गायब झाली. आम्ही सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती. म्हातारपणी चिकणं व्हायची हौस आली, बायकोशी पैज हरले, काय वाटेल ते बोललो होतो, आणि ते नुसते हसले होते.

ताईंनी दारातच सांगितलं, "हिला कळलंय."

भाऊजींनी हातातला रंधा खाली ठेवला. "बरं झालं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मला आधी वाटलं दाराची बेल बिघडली. दोनदा दुरुस्त केली. तिसऱ्यांदा नवी बसवली. ती जोरात वाजत होती आणि ही तिच्याच खाली बसून भाजी निवडत होती. मग म्हणाली, तुमचे ओठ मिशीत दिसत नाहीत. काढून टाकली. ती मिशी काय मला जेवायला वाढत होती?" ते हसायला लागले, पण हसू पुरतं आलं नाही. "शेजाऱ्यांना वाटतं, या घरात फार भांडणं होतात. भांडण कुठलं, मी चहा टाकू का विचारत असतो."

"मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं, ताई," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमच्या हाताला कंप सुटला तर तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सांगतो," भाऊजी म्हणाले. "नाही सांगितलं आणि तसंच काम करत राहिलो, तर बोट जायचं."

ताई पडवीतल्या एका फळीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "इथे बोट दुसऱ्याचं गेलं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. काही लपवलं नाही, कारणं दिली नाहीत. कानाच्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या, यंत्र मिळालं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की यंत्राने आवाज मोठा होईल, पण जे गेलंय ते सगळं परत येणार नाही. स्वर बरे येतील, व्यंजनांचा भरवसा नाही. बाहेर येऊन ताई मला म्हणाल्या, "म्हणजे काने-मात्रे राहिले, अक्षरं गेली." मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.

पहिलीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. मोठ्या बाईंना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. नव्या बाई आल्या, ताईंकडे पुस्तकांची खोली आली. बातमी पालकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? एका मुलाचे वडील फाटकात उभे राहून तावातावाने म्हणाले, "बहिऱ्या बाईंच्या हाती आमची मुलं दिली होतीत?" ताई तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या, त्यांच्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "खरं आहे तुमचं."

मग त्या भिंगरीच्या घरी गेल्या. मला सोबत घेतलं, म्हणाल्या, "तिची आई रागाने बोलेल, रागात माणसं भरभर बोलतात, मला कळणार नाही."

एका खोलीचं घर, शिवणयंत्र दारालगत, उजेडाला. भिंगरी यंत्राखाली बसून चिंध्या रंगांप्रमाणे लावत होती. ताईंना बघून ती आणखी आत सरकली. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऐकू येत नव्हतं, तर मान कशाला डोलावत होतात?"

मी ते वाक्य पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण ताईंनी हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं.

"लाज वाटत होती," त्या म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

आई बराच वेळ कपड्याची शिवण उसवत राहिली. "आता माझ्या पोरीचं काय?"

"तिचा क मी आणून देते. पण मला तो ऐकू येणार नाही. मला तोंड दिसेल, गळ्याला हात लावून कळेल. तो क आहे की त, हे मात्र तुम्ही सांगायचं. कान तुमचे लागतील."

"मी अडाणी बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," ताई म्हणाल्या. "माझंच ऐकून तुम्ही गप्प बसलात."

अशी सुरुवात झाली. शाळा सुटली की ताई तिकडे जायच्या, जमेल तेव्हा मीही. ताईंनी आधी दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टला गाठलं. ती मुलगी वयाने त्यांची लेक शोभेल एवढी. तिने वेळ काढून एकेक पायरी समजावली, आणि ताई पहिलीतल्या मुलासारख्या तिच्या तोंडाकडे बघत शिकल्या.

पहिले काही दिवस क चं नावही काढायचं नाही असं ठरलं. नुसत्या गुळण्या. पाणी तोंडात घ्यायचं, मान वर, आणि घशात खळखळ. भिंगरीला बोलायचं नव्हतं, पण गुळण्या करायला कोण नाही म्हणेल? तिने पहिल्याच दिवशी आईने नुकत्याच शिवलेल्या झग्यावर पाणी सांडलं. आईने हात उगारला आणि ताईंकडे बघून खाली घेतला. ताईंनी स्वतःही गुळणी केली. "बघ, आवाज कुठून येतो? मागून. तिथे मागे एक दार आहे. तुझं ते दार बंद पडलंय, म्हणून क बिचारा पुढच्या दाराने येतो आणि त होतो."

मग चमचा आला. जिभेचं टोक चमच्याने खाली दाबून धरायचं आणि आ...क म्हणायचं. टोक वर उचललं नाही तर त निघूच शकत नाही. भिंगरी चमच्याशी झुंजायची. त निसटायचाच, ओला, अर्धवट. ताईंची दोन बोटं तिच्या हनुवटीखाली. "हललं नाही मागे," त्या म्हणायच्या, "पुन्हा." आई यंत्रावर बसून पाय मारता मारता सांगायची, "त." पुन्हा. "त." कधी नुसता खोकला निघायचा. कधी भिंगरी चमचा फेकून यंत्राखाली जाऊन बसायची आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. ताईंनी तिला कधी ओढून बाहेर काढलं नाही. चमचा धुऊन पुसून ठेवायच्या आणि निघायच्या.

एका दुपारी मी तिथे होते. आई एका पायजम्याला पट्टी लावत होती, यंत्राचा खडखडाट चालू होता. भिंगरीच्या तोंडात चमचा, ताईंची बोटं हनुवटीखाली. "आ..." भिंगरीने ताणलं, आणि शेवटी काहीतरी फुटलं. छोटंसं, कोरडं, काडी मोडल्यासारखं.

यंत्र थांबलं. ताईंनी ते ऐकलं नव्हतं, पण आईचा पाय यंत्राच्या पेडलवर तसाच राहिलेला त्यांना दिसला आणि त्यांनी झटकन वर पाहिलं.

"आला?"

आईने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"मान नको. तोंडाने सांगा."

"आला, बाई. क आला."

ताईंनी लगेच चमचा काढून घेतला. "आता चमच्याशिवाय." भिंगरीने छाती फुगवून म्हटलं, "आ...त." आम्ही तिघी हसलो, आणि कित्येक दिवसांनी भिंगरीही हसली. क पुरता बसायला पुढे बरेच दिवस गेले. घाईत, रागात, झोपेत त परत यायचा. ग मात्र त्याच्या मागोमाग आपणहून आला, भुंग्यासकट.

वर्गात ती पुन्हा केव्हा बोलली ते सांगते. गणिताचा तास होता. तिने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येऊ का?" का. स्वच्छ. मुलांनी मानही वळवली नाही, आणि तेच बरं झालं. मी म्हटलं, "जा." ती गेल्यावर मला फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहावं लागलं.

त्या वर्गातली बाकीची मुलं एवढी अडलेली नव्हती. रोज थोडा वेळ मागे थांबवून ताई आणि मी त्यांचे प-ब, त-द सरळ केले. ताई बघायच्या, मी ऐकायचे. त्यानंतर मात्र एक नवीनच गोष्ट सुरू झाली. बोलण्यात अडणारी मुलं त्यांच्याकडे पुस्तकांच्या खोलीत यायला लागली. ताईंची एकच अट असे: येताना घरचा कान घेऊन यायचं. कुणाची आजी येई, कुणाचा काका, एकदा तर ते फाटकातले वडीलही आले, धाकट्या लेकीला घेऊन. ताईंनी त्यांना खुर्ची दिली. आपलं मूल नेमकं काय बोलतं हे त्यातल्या कित्येकांनी तिथे पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं.

हेही फार वर्षं टिकलं नाही. कानाची यंत्रं बदलली, ऐकणं मात्र कमीच होत गेलं. एक दिवस ताईंनी मला पुस्तकांच्या खोलीत बोलावून दार लोटलं. "मला माझा स ऐकू येत नाही. कसा येतोय? खरं सांग."

मला कितीतरी दिवसांपासून ते जाणवत होतं. आपलाच आवाज कानावर पडेनासा झाला की उच्चार सैल पडत जातात. मी त्यांच्या समोर उभी राहिले, उजेडात, आणि सावकाश म्हटलं, "श सारखा येतोय, ताई."

"मुलं उचलतायत?"

"एक-दोघं."

त्यांनी मान खाली घातली. मग कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांना शिकवणं बंद केलं, आणि वर्षअखेरीला नोकरीही सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात त्या बोलायला उभ्या राहिल्या नाहीत. भाऊजी त्यांच्या शेजारी बसून, इतर जे बोलत होते ते ओठांनी, आवाज न काढता त्यांना सांगत राहिले.

भिंगरी चौथी पास होऊन शाळेतून बाहेर पडली, त्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन ताईंच्या घरी आली. मी तिथेच होते. भिंगरीने पडवीत पाय ठेवला आणि सुरू झाली. नवी शाळा, नवा गणवेश, तिथल्या जिन्याला किती पायऱ्या, कोण मैत्रीण कुठे जाणार, आई नवीन शिवणयंत्र घेणार, काका परगावी गेला, कुत्रीला पिल्लं झाली. हातवारे, धापा, मधेच हसणं. कधी ती फळ्यांकडे तोंड करून बोलत होती, कधी भुशात काहीतरी शोधत. ताईंना त्यातलं काय कळणार होतं?

भाऊजी म्हणाले, "अगं पोरी, जरा हळू. बाईंकडे तोंड करून बोल, त्यांना कळू दे."

ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

आणि भिंगरी बोलत राहिली.